लॉकर नंबर एकशे अठरा

वैजयंता डोईफोडेची रोजची संध्याकाळ बँकेने सोमवारपासून लॉकरमध्ये ठेवायला सुरुवात केली, आणि माझी हरकत नाही अशी सही बाईंनी स्वतःच्या हाताने केली होती.

सही न करून सांगते कुणाला? हेड ऑफिसचं परिपत्रकच आलं होतं. समतोल योजना. बार्शी शाखेचे मॅनेजर ढगे साहेब, त्यांनी ते उभं राहून वाचून दाखवलं. कर्मचारी घरी उशिरा जातात, त्यामुळे कुटुंबाचा वेळ नासतो. नासलेल्या वेळाने माणूस चिडचिडा होतो आणि चिडचिड्या माणसाचं काम घसरतं. सबब, प्रत्येकाची संध्याकाळ साडेपाचच्या ठोक्याला ताजी आहे तोवर काढून घ्यावी आणि लॉकरमध्ये सुरक्षित ठेवावी. हवी तेव्हा परत मिळेल.

"आणि रात्र?" वैजयंताने विचारलं.

"ती संध्याकाळला चिकटूनच येते, मॅडम. वेगळी काढता येत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. आवळा देऊन कोहळा काढायची ही वरच्यांची जुनी खोड, पण तोंडात पेढा असताना बोलणार कोण?

तेव्हापासून शाखेत साडेपाच वाजले की लगेच दुसऱ्या दिवसाचे पावणेदहा वाजायचे. वैजयंता खुर्चीत तशीच असायची. अंगावर दुसरी साडी, टेबलावर भरलेला डबा, समोर सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. थकवा म्हणून नाही. काम असं पळायला लागलं की विचारू नका. दोन महिन्यांत बार्शी शाखा विभागात पहिली आली.

पण बाईंची लेक कस्तुरी, वय वर्षं नऊ, तिची शाळा सकाळी सातची. आईच्या वाट्याला ती यायची ती संध्याकाळीच. पूर्वी वैजयंता आठ वाजता का होईना, मेल्यासारखी का होईना, घरी पोचायची. आणि पोरीचा एक नेम होता. आई आल्याशिवाय दाराला कडी लावायची नाही. बाप ओरडायचा, मांजर शिरतंय, डास शिरतायत. ती ऐकायची नाही. आईची चप्पल उंबऱ्यात वाजली की स्वतः उठायची आणि टाचा उंच करून कडी लावायची. मगच जेवण.

तिसऱ्या आठवड्यात वैजयंता एका गिऱ्हाइकाला घेऊन लॉकर रूममध्ये गेली, तेव्हा एकशे अठरा नंबरच्या लॉकरमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. गिऱ्हाईक म्हणालं, "भात झाला वाटतं." त्याने आपले दागिने काढले आणि गेलं.

वैजयंताने लॉकरला कान लावला. आत कस्तुरी पाढे म्हणत होती. एकोणीस सक एकशे चौदा. एकोणीस साते... एकोणीस साते...

"एकशे तेहेतीस!" बाई ओरडली. पण पोलाद ते पोलाद. आत काही पोचलं नाही.

"बाबा, आई आली की तिला विचारते," आतून आवाज आला. "दार उघडंच आहे."

बाई तशीच ढगे साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, मला एक संध्याकाळ काढायची आहे."

"एवढ्यात? मुदतीआधी मोडू नये, मॅडम. मार्च होऊ द्या."

लॉकरला दोन किल्ल्या लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. एक ज्याचा लॉकर त्याची, एक बँकेची. बँकेची किल्ली ढगे साहेबांच्या खिशात. मार्च झाला, मग तपासणी आली, मग साहेबांची कंबर धरली. वैजयंता रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन एकशे अठरासमोर बसायची आणि लेकीचा आवाज ऐकत पोळी गिळायची. एकोणीस साते अजून अडलेलंच होतं. कधीकधी नवरा विचारायचा, "लावू का गं कडी?" पोर म्हणायची, "नाही. येतेय ती." ते ऐकून बाई तोंडात पदर कोंबून रडायची आणि तोंड धुऊन पुन्हा काउंटरला बसायची. काम मात्र कणभर घसरलं नाही, शपथ.

जूनमध्ये आदर्श समतोल शाखेची ढाल जाहीर झाली. ती आणायला ढगे साहेब पुण्याला निघाले. जाताना त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "मॅडम, सीनियर तुम्हीच. किल्ली घ्या, सही करा."

तिने सही केली. साहेबांची गाडी हलली. वैजयंता लॉकर रूमकडे चालत नव्हती, धावत होती. एका हातात आपली किल्ली, दुसऱ्या हातात बँकेची. दोन्ही भोकांत दोन्ही किल्ल्या बसल्या. आत पोरीने विचारलं, "बाबा, चप्पल वाजली का?"

आणि बाईचा हात थांबला.

दोन किल्ल्या एका माणसाकडे नसाव्यात. अठरा वर्षं तिने हा नियम पाळला होता, नव्या पोरांना शिकवला होता, एकदा कुणी मोडला म्हणून त्याचा मेमोही काढला होता. जळो तो नियम! पण तो मनात नव्हताच, मनगटात होता. मनगट वळेना. तिने दोन्ही किल्ल्या उपसल्या, बाहेर गेली आणि कॅशियर गवसाण्यांपुढे रजिस्टर ठेवलं.

"गवसाणे, एक किल्ली तुमच्याकडे घ्या. दोघं मिळून उघडू."

"कुठली देताय, मॅडम?"

बँकेची किल्ली सीनियरने सोडायची नसते. तिने आपली दिली. गवसाण्यांनी वेळ घातली, सही केली आणि किल्ली खिशात टाकली.

"चला," वैजयंता म्हणाली.

"कुठं?"

"एकशे अठरा उघडायला."

गवसाण्यांनी रजिस्टर पुन्हा वाचलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, ज्याच्याकडे ही किल्ली, त्याचा लॉकर. म्हणजे आता माझा झाला." त्यांनी थोडा विचार केला. "मला आज त्यातलं काही काढायचं नाही."

"अहो, माझी पोर आहे आत!"

"असेल ना. सुरक्षित आहे," ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाची स्लिप घेतली.

पाच वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. वैजयंता परत गेली. बँकेची किल्ली लावून तिने फिरवली. ती निम्मी फिरली आणि अडली. तिने दोन्ही तळहात पोलादावर आपटले, पायातली चप्पल काढून दारावर वाजवली, पुन्हा वाजवली.

आत पाढा थांबला.

"बाबा," कस्तुरी म्हणाली, "एकोणीस साते एकशे तेहेतीस. माझं मला आलं."

"शाबास. मग आता जेवायचं का?"

मग फरशीवर लहान पावलं वाजली, दारापर्यंत आली, टाचा उंच झाल्या, आणि एकशे अठराला आतून कडी लागली.