आयनारच्या बंदुकीचा दस्ता

व्हर्ना पर्डीकडे जुनी बंदूक न्यायची तर आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागते. साल्टग्रास गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी माणसं जातातच, कारण कडी ओढून काडतूस भरायच्या बंदुकांमधलं तिच्याइतकं कळणारं अख्ख्या पूर्व मोंटानात शोधून सापडायचं नाही. त्या सकाळी आयनार स्कोग्मो आपली बंदूक घोंगडीत गुंडाळून दुकानात शिरला, तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा आधीच सुरू होता.

समोर एक गृहस्थ मान खाली घालून उभा होता. आजोबांची बंदूक त्याने घासून घासून आरशासारखी चकचकीत करून आणली होती, आणि वर दुर्बीण बसवायला छिद्रं पाडून मागत होता.

"त्या लोखंडाला तो रंग यायला तीन पिढ्यांचे हात लागले हो," व्हर्ना म्हणत होती. "तुम्ही एका रविवारात पुसून मोकळे झालात. आणि आता छिद्रं हवीत? आजोबांच्या फोटोला मिशा काढा की त्यापेक्षा. ते स्वस्तात पडेल."

गृहस्थ बिचारा बंदूक उचलून निघून गेला. आयनारने घोंगडी बगलेत आणखी घट्ट धरली. कारण तो जे मागायला आला होता ते ह्याच जातीचं होतं.

व्हर्नाचा नियम सरळ होता. नवी बंदूक आणा, ती हवी तशी नटवून देईल: दस्त्यावर नक्षी, चामड्याची वेणी, नळी आखूड, काय म्हणाल ते. पण जुनी, कारखान्यातून आली तशी राहिलेली बंदूक असली तर तेलपाण्यापलीकडे तिला हात लावायचा नाही. आणि आयनारची बंदूक तशीच होती. त्याचा बाप अँटन ती आयुष्यभर खोगिराला अडकवून फिरला. पोटाजवळचं लोखंड बापाच्या मुठीत झिजून चंदेरी झालं होतं. आयनार अभिमानाने सांगायचा की ह्या बंदुकीला आजवर कोणी करवत लावली नाही की कानस.

आणखी एक गोष्ट तो सांगायचा, ती तर गावाने इतक्या वेळा ऐकली होती की लोक त्याच्या आधी बोलून मोकळे व्हायचे. इतर पोरांना बापाच्या बंदुका लांब पडायच्या, दस्ता काखेत अडकायचा, नेम आकाशात जायचा. आयनारने मात्र बाराव्या वर्षी ती खांद्याला लावली आणि ती बसली. "मापच माझं होतं," तो म्हणायचा. "बंदुकीने मला निवडलं."

पण जुलैमध्ये गवताचे भारे बांधणाऱ्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नेली. चाप ओढायचं बोट शाबूत होतं, करंगळी होती. पण बंदुकीच्या पोटाखालच्या कडीत जी तीन बोटं घालायची असतात, त्यांतली उरली फक्त करंगळी. कडी खाली रेटली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर ओढली की नवं आत जातं, एवढाच सगळा खेळ. पण एका करंगळीने तो व्हायचा कसा? कोठाराच्या मागे उभा राहून त्याने महिनाभर झटापट केली. कडी अर्ध्यात अडकायची, काडतूस वाकडं बसायचं. शेवटी एक दिवस तो गवतात बसला आणि रडला. हरणांची शिकार सुरू व्हायला महिना उरला होता. लहानपणापासून त्याचा पहिला दिवस कधी चुकला नव्हता. बायको गेली त्या वर्षीसुद्धा तो गेला होता. हे एक बंद झालं की मग उरलेलं सगळं म्हणजे नुसतं खुर्चीत बसणं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

व्हर्नाने घोंगडी सोडली. "काय झालंय हिला?"

"काही नाही. पुसून, तेल घालून दे. इंग्रिडला द्यायची आहे, भिंतीवर लावायला."

इंग्रिड त्याची मुलगी, लांब शहरात राहायची. व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या कोटाच्या उजव्या खिशाकडे पाहिलं, ज्यातून त्याने आल्यापासून हात बाहेर काढला नव्हता.

"भिंतीवर," ती म्हणाली. "बरं. ठेवून जा."

दोघं एका शाळेत होती, एका बाकावर. इतक्या वर्षांत तिने त्याला इतक्या कमी शब्दांत कधी वाटेला लावलं नव्हतं. आयनारला ते टोचलं. घरी जाताना गाडीत तो स्वतःवरच चिडला. नवी, नटवलेली बंदूक घ्यावी तर ती काय बापाची होती? आणि बापाच्या बंदुकीची कडी कापून रुंद करून मागावी तर व्हर्नाला तोंड कसं दाखवावं? बापाला तरी कसं?

आठवड्याने तिचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली.

तो गेला तेव्हा कामाच्या टेबलावर बंदूक होती, आणि तिच्या शेजारी दस्त्याचं टोक. दोन बोटं रुंदीचा लाकडाचा तुकडा, मागच्या लोखंडी पाटीसकट, वेगळा.

आयनार दारातच थांबला. "मोडलीस?"

"मी नाही. तुझ्या बापाने."

"काहीतरी बडबडू नकोस व्हर्ना."

"बस आधी. बस म्हटलं ना." तिने स्टूल पुढे सरकवलं. "पाटीखालचा गंज काढावा म्हणून स्क्रू सोडले, तर हा अख्खा तुकडा हातात आला. सरस वाळून भुगा झालाय. हे बघ, करवतीचे दात दिसतात. मधे दोन लाकडी खुंट्या घालून परत जोडलाय. करवतीने खाल्लं तेवढं भरून काढायला पातळ पट्टीसुद्धा घातलीय, लाकडाच्या रेषा जुळवून. माझ्या नजरेतून इतकी वर्षं सुटलं, म्हणजे बघ."

"ह्या बंदुकीला बाबा कोणाला हात लावू देत नव्हते."

"कोणाला नव्हते देत. स्वतः लावला." तिने दस्त्याचा कापलेला भाग त्याच्याकडे फिरवला. "आणि ही भोकं. बारीक खिळ्यांची आहेत. इथे चामडं ठोकलेलं होतं, एक चिंधी अजून चिकटलीय. जुन्या बुटाचं असावं."

आयनारने त्या चिंधीवर बोट फिरवलं. चामडं होतं. त्याला आठवलं, चांगलंच आठवलं. पहिल्या वर्षी दस्त्याच्या मागे चामड्याची जाड गादी होती. त्याने विचारलं तेव्हा बाप म्हणाला होता, तुझ्या नाजूक खांद्याला धक्का बसू नये म्हणून. त्याला राग आला होता त्याचा. पुढे तीनेक वर्षांनी ती गादी एक दिवस गेली आणि जुनी लोखंडी पाटी परत आली. तेव्हा बाप म्हणाला, पुरे झाले लाड. त्याला वाटलं होतं, चला, बापाने आपल्याला मर्द मानलं एकदाचं.

त्याने तो तुकडा डाव्या हातात घेतला. बापाकडे एकच बंदूक होती, आणि तिच्यावर त्याचा जीव होता. तिला त्याने करवत लावली, कारण घरात एक पोरगं होतं ज्याचे हात आखूड होते. मग कापलेला तुकडा जपून ठेवला, पोराच्या वाढीवर नजर ठेवली, आणि वेळ आली तेव्हा गुपचूप परत जोडला. आणि पोरगं साठ वर्षं गावभर सांगत फिरलं की बंदुकीने मला निवडलं. बाप होता तोवर शेजारी बसून ते ऐकायचा. एकदाही बोलला नाही.

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी," आयनार म्हणाला. 

"सांगितलं असतं तर तुझी फुशारकी गेली असती. त्याला ती आवडत असेल."  मग व्हर्ना नेहमीच्या सुरात आली. "आता माझं ऐक. ताकाला जाऊन भांडं लपवतोस माझ्यापासून? भिंतीवर लावायची म्हणे. जुलैपासून हात खिशात घालून हिंडतोयस, मी आंधळी आहे का?"

"तुझा नियम आहे. त्या माणसाची काय शोभा केलीस मी पाहिली."

"त्याने पुसलं ते परत येणार नाही, म्हणून केली. तुझ्या बापाने कापलं, पण टाकलं काही नाही. आठवडाभर हा तुकडा समोर ठेवून बसलेय मी. माझा नियम त्याच्याइतका शहाणा नव्हता, एवढं मला कळलं."

तिने खणातून कडी काढली. नवी, तिने स्वतः घडवलेली, चांगली रुंद, आतून चामड्याच्या वादीने गुंडाळलेली. अख्खा पंजा आत जाईल अशी. मूळची कडी तेलाच्या फडक्यात बांधून शेजारी ठेवली होती, वर आयनारचं नाव लिहून.

"एक स्क्रू काढला की जुनी परत बसते," ती म्हणाली. "आणि दस्त्याचं तू ठरव. तो तुकडा आज चिकटवून दे म्हणालास तर देते. पण आधी कोट अंगात असू दे आणि अशीच लावून बघ."

तिने कापलेल्या टोकावर चामड्याची गादी ठोकली. नवं भोक एकही पाडलं नाही. बापाच्याच खिळ्यांच्या भोकांत खिळे बसवले.

आयनारने बंदूक उचलली. गेली दोन-तीन वर्षं ती त्याला लांब वाटायला लागली होती. जाड कोटात दस्ता अडकायचा, खांदा आखडायचा, पण हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या बंदुकीने आपल्याला निवडलं ती आता लांब पडते असं कुठल्या तोंडाने सांगणार? आता ती सरळ वर आली आणि खांद्यात बसली. गाल दस्त्याला टेकला. त्याने पंजा कडीत घातला आणि रेटला. खाली. वर. कुठेही अडकली नाही.

त्याने पुन्हा केलं. मग पुन्हा.

"पुरे, झिजवशील," व्हर्ना म्हणाली, पण तिने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

"व्हर्ना," आयनार म्हणाला, "तुझे उपकार मी कसे फेडू मला कळत नाही."

"फेडायला कोण बसलंय इथे. तुकडा नीट ठेव म्हणजे झालं. तुझ्या इंग्रिडला लागेल, तिचे हात लांब आहेत."

शिकारीच्या पहिल्या दिवशी उजाडता उजाडता ती दोघं त्याच्याच रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला पालथी पडून होती. थंडी मरणाची होती. व्हर्नाने आणलेली कॉफी कधीच निवली होती, आणि ती हळू आवाजात त्याच्या जुन्या गाडीला नावं ठेवत होती. मग खालच्या झुडपांतून एक नर हरण बाहेर आलं, चांगलं शिंगाळ, आणि आडवं उभं राहिलं.

आयनार एका गुडघ्यावर आला. आवाज ओढ्यातून घुमत गेला. हरण दोन पावलं चाललं आणि बसलं, मग आडवं झालं. आयनारचा पंजा त्याच्या नकळत कडीत शिरून हलला होता. रिकामं काडतूस बर्फात पडून वाफाळत होतं आणि नवं आत जाऊन बसलं होतं. त्याची गरज पडली नाही.

तो तसाच गुडघ्यावर राहिला. इतक्या वर्षांत बापाला जे कधी म्हटलं नव्हतं ते ह्या खेपेला त्याने मनात ठेवलं नाही.

"बाबा," तो उताराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी कापलीत. मला आत्ता कळलं. फार फार आभारी आहे."

व्हर्ना शेजारीच होती. तिने सगळं ऐकलं. थोड्या वेळाने आयनारने उजवा हात खिशात न लपवता पुढे केला, तिने तो धरून त्याला उभं केलं, आणि दोघं हरणाकडे उतरायला लागली.

"हरणाचे पाय धरू लागशील का गं?" आयनार म्हणाला. "एकट्याने नाही जमायचं मला आता."

"धरते," ती म्हणाली.