पोलादी पट्टीचा अर्धा तुकडा

बाबांनी मुलींसाठी ना घर ठेवलं, ना दागिना. ठेवले ते चोवीस शब्द. त्यांची सगळी पुंजी क्रिप्टोत होती आणि ते शब्द म्हणजे तिची किल्ली. जन्मभर लोकांच्या नावाच्या पाट्या कोरणाऱ्या बाबांनी ते पोलादी पट्टीवर ठोकले, पट्टी मधोमध कापली आणि दोघींना बारा-बारा शब्द दिले. फोटो काढायचा नाही, फोनवर सांगायचे नाहीत, ही ताकीद. एक तुकडा चोराच्या हाती लागला तरी त्याने हात चोळत बसावं.

ताई लग्नानंतर लांब गेली. बाबांच्या मागे पाट्यांचं दुकान धाकटीने सांभाळलं. चार वर्षांत ताईचे निरोप आले, ताई आली नाही. भांडण असतं तर निदान मिटवता आलं असतं.

एका सकाळी फोन आला.

"घर घेतोय गं. माझा वाटा काढायचाय. तुझ्या तुकड्याचा फोटो टाक ना."

"फोटो नाही."

"अगं, मी काय चोर आहे?"

"तुझा फोन कुणी हॅक केला तर?"

"बाबांची चमची! बरं बाई, येते शनिवारी."

कारण खोटं नव्हतं. तरी फोन ठेवल्या ठेवल्या धाकटीने ताईच्या खुर्चीवरचा लोखंडाचा कीस झटकला.

शनिवारी दोन तुकडे शेजारी ठेवले. शब्द टाकले, वॉलेट उघडलं, ताईचा वाटा तिच्याकडे गेला. अर्धा तासही लागला नाही. ताईने घड्याळ पाहिलं.

"थांब जरा," धाकटी म्हणाली. जुने चोवीसही शब्द आता दोघींनी वाचले होते. तिने आपला वाटा नव्या वॉलेटमध्ये हलवला आणि त्याचे नवे चोवीस शब्द पट्टीवर ठोकायला घेतले. एकेक अक्षर, मुद्दाम सावकाश. मग पट्टी शिकंज्यात आवळून करवत चालवली आणि अर्धा तुकडा ताईपुढे धरला.

"हे कशाला? आता सगळं तुझंच आहे."

"अर्धे तुझ्याकडे राहू देत."

"एवढा भरवसा?"

"भरवशाचं सोड. मला लागले की तुला यावं लागेल."

ताईने तुकडा हातात घेतला. कापलेली कड अजून गरम होती.

"आणि कधी लागलेच नाहीत तर?"

"लागतील," धाकटी म्हणाली.

ताईने तुकडा रुमालात गुंडाळला, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन शेवटपर्यंत ओढली.