साधारण हाय

"ॲव्हरेज आहे," आदिनाथ म्हणाला आणि गिअर बदलून त्यानं उसाच्या ट्रॉलीला मागं टाकलं.

"किती देती?" शेजारी बसलेल्या आप्पारावांनी कानावरचा मफलर सरकवत विचारलं.

"गाडीचं नाही, आप्पा. मुलगी कशी वाटली म्हणून विचारलं ना तुम्ही?"

"आसं व्हय," आप्पाराव म्हणाले आणि समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले.

मागच्या सीटवर सत्यभामाबाई संत्रं सोलून पुढं एकेक फोड देत होत्या. पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला. उरलेल्या फोडी सालात गुंडाळून पिशवीत ठेवल्या आणि हात रुमालाला पुसले. त्यांच्या शेजारी सुंदरराव सोसायटीच्या निवडणुकीबद्दल फोनवर बोलत होते. मुलाचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं, कारण ते मध्येच थांबले. मग "हां, बोला" म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

चौघं तेलगावहून परत निघाले होते. मोहनरावांची मुलगी शिवकन्या हिला आदिनाथसाठी बघायला गेले होते. आदिनाथ एकुलता एक, बीडला ठिबक सिंचनाचं दुकान चालवायचा. आप्पाराव सुंदररावांचे थोरले चुलतभाऊ. घरात आता वडीलधारं म्हणून तेच उरले होते, म्हणून त्यांना मुद्दाम सोबत नेलं होतं.

मोहनरावांच्या बैठकीत दुपारभर पुरुषांचं बोलणं याच एका शब्दाभोवती फिरत राहिलं होतं. यंदा उसाचं एकरी ॲव्हरेज काय पडलं, पाऊस सरासरीच्या पुढं जाऊनही कापूस कसा बसला, नवी गाडी ॲव्हरेज काय देते. तो शब्द उसाला लावला, गाडीला लावला, तेव्हा सत्यभामाबाईंना काही वाटलं नव्हतं.

मुलगी त्यांना आवडली होती. रंगानं सावळी, बांध्यानं बेताची. हसली की एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. डी. फार्म होऊन गावातल्याच औषधाच्या दुकानात बसत होती. "तुम्हाला कशाची आवड आहे?" असं आदिनाथनं विचारलं, तेव्हा थोडा विचार करून ती म्हणाली, "मध्येच कोणी तोडलं नाही तर मला बोलायची लई आवड आहे." सगळी बैठक हसली. निघताना सत्यभामाबाई ओट्यावर आल्या, तर पायरीखाली चपलांचा ढीग झाला होता आणि त्यांची जोडी कोणीतरी वेगळी काढून पायाशी सरळ लावून ठेवली होती. दाराआड शिवकन्या उभी होती. 

आणि आता गाडीत हा शब्द.

त्यांच्या वेळी तो मराठीत होता.

सत्यभामाबाईंचं माहेर पाटोद्याकडचं. सुंदरराव त्यांना बघून गेले त्या दिवशी पाहुण्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला चुलतभाऊ धुळाजी गेला होता. परत आल्यावर त्यानं पाणी मागितलं आणि तांब्या खाली ठेवता ठेवता घरात सांगितलं, "पोरगा म्हणला, साधारण हाय." चुलीपुढं बसलेल्या सत्यभामेनं ते ऐकलं. तिनं भाकरी उलटली. आठवड्याभरानं होकार आला, घरात साखर वाटली, आणि तीही सगळ्यांच्या हसून पाया पडली.

संसार चांगला झाला. सुंदररावांनी कधी आवाज चढवला नाही, कशाला कमी पडू दिलं नाही. ते सरपंच झाले, पुढं पंचायत समितीवर गेले. सत्काराच्या वेळी फोटो काढणारा "वहिनी, जवळ सरका" म्हणायचा, तेव्हा सत्यभामाबाई अर्धं पाऊल सरकायच्या. साडीच्या दुकानात उठावाचा रंग समोर आला की त्या घडी बाजूला ठेवायच्या. "हा आपल्याला न्हाई शोभायचा," म्हणायच्या. का, असं कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

वडवणी गेली, बीड गेलं. मांजरसुंब्याला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. आप्पारावांचं घर तिथंच, चौकापलीकडं. त्यांना सोडायच्या आधी चहा घ्यायचा म्हणून आदिनाथनं एका ढाब्यापुढं गाडी लावली.

चहा आला. सुंदररावांनी फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"मोहनरावाला चार दिवसांनी कळवू," ते म्हणाले. "लगेच कळवणं बरं दिसत न्हाई. पण आदि, तुझा इचार काय? ॲव्हरेज म्हंजे हां समजायचं का न्हाई?"

"हो कळवा," आदिनाथ कपात बघत म्हणाला. "चालेल."

सत्यभामाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. थोरल्या दिरापुढं त्या सहसा बोलत नसत.

"चालंल म्हणून न्हाई कळवायचं," त्या म्हणाल्या.

तिघांनीही वर बघितलं.

"मनात नसंल तर आताच न्हाई म्हण. तिचं काय अडलंय तुझ्यावाचून? पण हां म्हणणार असशील तर ह्या शब्दावर म्हणू नको. तुला वाटतं, गाडीत बोललो, गाडीत ऱ्हायलं. तसं ऱ्हात न्हाई ते. त्या पोरीपस्तोर जातंय. मग ती तुझ्या घरात येती, सैपाक करती, लेकरं वाढविती, अन् त्यो शब्द तिच्यासंगंच ऱ्हातो."

हे सगळं त्या एखाद्या पाहुणीला भाजी कशी केली ते सांगावं इतक्या हळू आवाजात बोलल्या. आदिनाथचे कान लाल झाले.

"आई, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं?"

"तुम्ही सगळे बसलेले. आप्पा विचारतात, कशी वाटली. काय सांगू? जे तोंडात आलं ते बोललो."

"अन् खरं काय?"

आदिनाथनं घाईनं घोट घेतला. जीभ पोळली म्हणून कप खाली ठेवला. "तिचं बोलणं अर्धंच राहिलं," तो म्हणाला. "तुम्ही सगळे हसलात. पुढं काय म्हणणार होती, ते मला ऐकायचं होतं."

आप्पाराव गालातल्या गालात हसले. मग त्यांनी मफलर काढला आणि मांडीवर त्याची घडी घालू लागले.

"बापावर गेलंय," ते म्हणाले. "सुंदर बी आसंच म्हणला व्हता. साधारण हाय."

"आप्पा," सुंदरराव म्हणाले.

"आरं, आता काय झाकायचं? लेकाचं लगीन कराय निघालास." आप्पाराव सत्यभामाबाईंकडं वळले. "तसं म्हणायला मीच सांगितलं व्हतं त्येला."

सत्यभामाबाईंची बोटं कपाभोवती तशीच राहिली.

"तुझ्या सासऱ्यांचा, तात्यांचा सोभाव तुला ठावं हाय. माझा बाप लवकर गेला, तात्यांनीच वाढवलं मला. माझ्या येळंला नांदूरघाटची पोरगी बघाय गेलतो. येताना तात्यांनी इचारलं, कशी हाय. मी येडा, म्हणलो, लई आवडली. तवा काय बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी नकार धाडला. म्हणले, पोरगं आताच आसं पाघळलं, तर उद्या बायकोच्या ओंजळीनं पाणी पिईल."

 रस्त्यावर सोलापूरकडं वळणाऱ्या ट्रकची रांग लागली होती.

"तुझी जाऊबाई लई चांगली निघाली. तिच्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. पण सुंदरच्या येळंला ठरवलं, ह्येचं तसं व्हऊ द्यायचं न्हाई. तुला बघून निघालो, तर ह्यो यष्टीच्या थांब्यावर नुसत्या येरझाऱ्या घालाय लागला. तात्या समोर उभे. मी मनगट धरलं ह्येचं. कानात म्हणलं, तात्यांनी इचारलं की साधारण हाय म्हण. दुसरं काय बी बोलू नको. तेवढंच बोलला बिचारा. मग घर येईपस्तोर तोंड उघडलं न्हाई."

"धुळाजी तिथंच उभा व्हता," सत्यभामाबाई म्हणाल्या.

सुंदररावांनी मान वर केली. पंचायत समितीच्या सभेत ते बोलायला उभे राहिले की खाली बसवणं अवघड जायचं. आता मात्र ते टेबलावर सांडलेली साखर बोटानं एका बाजूला करत होते.

"त्येनं सांगितलं तुला?"

"त्याच दिवशी."

"अन् तू..." ते म्हणाले.

टेबलावरचा फोन वाजला. मोहनरावांचा होता. सुंदररावांनी नाव वाचलं आणि फोन सत्यभामाबाईंपुढं सरकवला.

"तू बोल."

"मी? काय बोलू?"

"तुला वाटंल ते."

त्यांनी आदिनाथकडं बघितलं. लहान असताना जत्रेला जायचं का विचारल्यावर तो डोलवायचा, तशीच त्यानं मान डोलवली. सत्यभामाबाईंनी फोन कानाला लावला.

"हां भाऊ, राम राम. मांजरसुंब्याला पोचलो, च्या घेतोय. न्हाई न्हाई, चार दिवस कशाला? पोरगी आमाला आवडली. लई आवडली. आदिनाथला बी. तिला सांगा, अन् ह्याच शब्दात सांगा. पण तिला आमचा पोरगा कसा वाटला ते बी इचारून घ्या. तिचं मन असंल तरच पुढं."

पलीकडं बोलणं थांबलं. कुजबुज झाली, कोणीतरी हसलं, भांडं वाजलं. मोहनराव पुन्हा फोनवर आले. सत्यभामाबाईंनी ऐकून घेतलं, "बरं, बरं" म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला.

"काय म्हणती?" आप्पारावांनी विचारलं.

"म्हणती, बरा हाय."

आप्पाराव इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि सुंदररावांना त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. आदिनाथ हसला नाही.

"बरा आहे म्हणजे?" त्यानं विचारलं. "कशी म्हणाली?"

"मला काय दिसतंय का फोनमधी?"

"पण म्हणाली कशी? लगेच म्हणाली का थांबून?"

"थांबून," सत्यभामाबाई म्हणाल्या. "लई थांबून."

आदिनाथ उठला. बिल देऊन आला, गाडीपाशी गेला, किल्ली विसरली म्हणून परत आला.

आप्पारावांना चौकापलीकडं उतरवलं. उतरल्यावर ते मागच्या काचेशी थांबले. सत्यभामाबाईंना काही सांगावं असं त्यांना वाटलं असावं. पण "जपून जावा" एवढंच म्हणून ते काठी टेकत गल्लीत शिरले. सत्यभामाबाई ते दिसेनासे होईपर्यंत बघत होत्या. नांदूरघाटची ती मुलगी कोण होती, तिला काय कळलं असेल, हे विचारायचं राहून गेलं.

पुढची सीट रिकामी झाली होती. सुंदरराव कुठंही जायचं असलं तरी पुढंच बसायचे. वाटेत ओळखीची माणसं भेटत, त्यांना हात करावा लागे.

"दादा, पुढं या," आदिनाथ वडलांना म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. चल तू."

गाडी नेकनूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी होती. एका बांधावर कोणीतरी जाळ केला होता आणि त्याचा धूर रस्त्यावर आडवा पसरला होता. सुंदररावांचा फोन दोनदा वाजला. त्यांनी आवाज बंद करून टाकला.

"जांभळी व्हती," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "हिरव्या काठाची."

"काय?"

"साडी. तुला बघाय आलतो तवा."

सत्यभामाबाईंना आठवायला वेळ लागला. "ती माझी न्हवती," त्या म्हणाल्या. "वहिनीची व्हती. पाव्हणे येणार म्हणून तेवढ्यापुरती नेसवली व्हती मला."

"वहिनीची?"

"हां. दुसऱ्या दिवशी धुवून तिला देऊन टाकली."

सुंदररावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीखालचे केस विरळ झाले होते आणि कपाळावर टोपीची रेघ उमटली होती.

"मी लग्नानंतर वाट बघितली," ते म्हणाले. "पाडव्याला नेसंल, दिवाळीला नेसंल. मग वाटलं, हितं येऊन नाराज हाय. म्हणून ती साडी ठिवून दिली असंल."

"इचारायचं व्हतं."

"तू बी."

पुढं आदिनाथ ओठ हलवून स्वतःशी काहीतरी बोलत होता. बहुतेक "बरा आहे" हेच शब्द तो वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघत होता.

घराकडं वळायचा गावाचा फाटा आला. तिथल्या कमानीशेजारी सुंदररावांच्या वाढदिवसाचा जुना फलक अजून टांगलेला होता. उन्हानं त्यावरचा त्यांचा चेहरा निळा पडला होता. आदिनाथ त्याच्यासमोरून वेग कमी न करता, न वळता सरळ पुढं निघून गेला.

सत्यभामाबाईंनी मान वळवून मागं पडलेला फाटा बघितला. मग सुंदररावांकडं बघितलं. त्यांनीही तो बघितला होता. ते सीटला पाठ टेकून आरामात बसले आणि त्यांनी आपल्या बाजूची काच थोडी खाली केली. हुरड्याच्या धुराचा वास आत आला.

दोघांपैकी कोणीच मुलाला काही सांगितलं नाही.