दोनशे पंचावन्न तास

मित्रांनो, माझ्या पाठीवरचे सेलचे झाकण कधीच हरवले. तिथे आता खाकी चिकटपट्टी आहे. उजवीकडचे बटण दाबले की ते लगेच वर येत नाही, थोडा वेळ आतच बसते. मी हातात मावणारा एक व्हिडिओ गेम आहे, तुमच्या आईबाबांच्या लहानपणचा. माझा पडदा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. त्यात चारच रंग दिसतात आणि ते चारही हिरवेच. पण पंचवीस वर्षे मी एकाच घरातल्या तीन माणसांच्या हातात राहिलो आणि त्यांना फार जवळून पाहिले. त्यांच्यात जे घडले ते सांगतो.

माझा जन्म दूरच्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून पाहिले आणि मला खोक्यात ठेवले. पुढे एका बंदरावर लॅन्सी नावाच्या माणसाने मला विकत घेतले. तो बोटीवर स्वयंपाकी होता. त्याचे घर ठाण्याला, घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूच्या गावठाणात. घरी बायको फिलोमिना, अकरा वर्षांचा गिल्बर्ट आणि आठ वर्षांची जुलिया. अंगणात विहीर, दोन माड आणि फिलोमिनाच्या कोंबड्या.

माझ्याबरोबर एकच कॅसेट आली होती. तिच्यातल्या खेळात एक पोरगा तलवार घेऊन राक्षस शोधायला निघतो. खेळ जपून ठेवायला तीन कप्पे होते. पहिला गिल्बर्टने घेतला. दुसराही त्यानेच घेतला. तिसरा जुलियाला दिला, पण खेळायची पाळी मात्र क्वचितच दिली.

एका दुपारी गिल्बर्ट जेवायला बसलेला असताना जुलियाने मला उचलले. खेळातल्या गावाच्या विहिरीपाशी तिने नकाशा उघडला आणि त्याच क्षणी उडी मारली. पोरगा भिंतीतून आरपार गेला! पलीकडे अर्धी घरे, उलटी अक्षरे, पाय नसलेली माणसे. ती ओरडली, "दादा, बघ! भिंतीतून गेला!"

गिल्बर्ट उष्ट्या हाताने धावत आला. "अगं, हा लोचा आहे लोचा! गेम बनवणाऱ्यांची चूक! कसा केलास? परत कर!"

तिने परत करून दाखवले. गिल्बर्टने दोनशे पानी वही आणली, वर लिहिले 'लोच्यांची वही', आणि पहिल्या पानावर सगळ्या पायऱ्या क्रमाने उतरवल्या. शेवटी लिहिले: शोधणारा, गिल्बर्ट.

"मी शोधला ना पण?" जुलिया म्हणाली.

"तुला शोधायचा नव्हता. चुकून झाला. चुकून झालेलं धरत नाहीत."

त्या दिवसापासून दोघांचे काम ठरून गेले. गिल्बर्ट सांगायचा, जुलिया करायची. एकच उडी तीनशे वेळा, चारशे वेळा. तिच्या अंगठ्याला फोड आला तर तो म्हणायचा, "डाव्याने कर." माझेही हाल झाले. खेळ चालू असताना तो कॅसेट अर्धी उपसायचा, मला गुडघ्यावर आपटायचा, एकदा तर पडदा कसा वेडावाकडा होतो ते बघायला त्याने मला गरम इस्त्रीजवळ धरले. पडद्याच्या कोपऱ्यातला काळा डाग तेव्हाचा. वही मात्र भरत गेली. एकतीस लोचे झाले. एकतीस वेळा एकच नाव.

मग दिवस बदलले. लॅन्सी हृदयविकाराने गेला. गावठाणातले घर बिल्डरकडे गेले. गिल्बर्ट कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, त्याने ट्रिशाशी लग्न केले आणि घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतीत बाविसाव्या मजल्यावर राहायला गेला. फिलोमिना आणि जुलिया ठाकुर्लीला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आल्या. सामान हलवताना गिल्बर्टने वही नेली. मला नेले नाही. तोवर त्याने माझ्यापेक्षा चांगला, डाग नसलेला दुसरा गेम मागवला होता.

ठाकुर्लीत मी मोडक्या टॉर्चबरोबर एका डब्यात पडून होतो. फिलोमिनाने टॉर्च शोधताना मला बाहेर काढले.

"यात काय असतं गं?" तिने जुलियाला विचारले.

जुलियाने नवे सेल घातले आणि तिसऱ्या कप्प्यात नवा खेळ सुरू करून दिला. पोरगा गावात उभा राहिला. विहीर, दोन झाडे आणि इकडेतिकडे फिरणाऱ्या पाच कोंबड्या. फिलोमिनाने चष्मा पुसला. "या दाणे खातात?"

"खातात. हे बटण दाब."

तिने दाबले. पाचही कोंबड्या धावत आल्या.

मित्रांनो, त्यानंतर रोज जेवण झाल्यावर ती म्हणायची, "आण गं ते डबडं." भिंतीला टेकून बसायची आणि अर्धा तास, तास, त्या गावात फिरायची. विहिरीला फेरी, झाडाखाली फेरी, दाणे. गावाबाहेर एकदाही गेली नाही. एकदा गिल्बर्ट आला तेव्हा त्याने पाहिले आणि हसत सुटला. "मम्मी, पुढे जा ना! सगळा गेम पुढे आहे."

"पुढे राक्षस हायत," ती म्हणाली. "मी कशाला जाऊ? माझ्या कोंबड्या इथे हायत."

मला हातात घेऊन कोणी इतके हळू बटण दाबले नव्हते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला काळ. पुढे ती आजारी पडली, बोटे सुजली. तेव्हा जुलिया उशाशी बसून बटणे दाबायची आणि ती नुसती बघायची. "त्या ढवळीला टाक गं. ती मागे राहते." सर्वांत फिकट हिरव्या कोंबडीला ती ढवळी म्हणायची. खेळ जपून ठेवताना पडद्यावर किती तास खेळून झाले ते दिसते. तिच्या शेवटच्या दिवशी तिथे आकडा होता दोनशे बावन्न.

फिलोमिना गेल्यावर जुलिया मला घेऊन डोंबिवलीला सुधीर नावाच्या कारागिराकडे गेली. बाजारातल्या जिन्याखाली त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. कॅसेटच्या पोटात एक गोल चपटा सेल असतो. जपून ठेवलेला खेळ त्याच्यावर जगतो, आणि तो सेल आता संपत आला होता.

"सेल काढला की आतलं सगळं जाणार, मॅडम," सुधीर म्हणाला.

"जायला नको."

"मग बाजूने वायर लावून करंट चालू ठेवावा लागेल. लय बारीक काम आहे. वेळ जाईल."

"मी थांबते."

"कोणाचा गेम आहे?"

"मम्मीचा. ती नाहीये आता."

सुधीरने हातातला चहा खाली ठेवला. हात साबणाने धुऊन आला. आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्याने परत पाठवले. दोन तासांनी त्याने मला चालू करून दिले, तेव्हा पाचही कोंबड्या जागेवर होत्या. जुलियाने मला कपाटात मम्मीच्या जपमाळेशेजारी ठेवले. दर वर्षी मम्मी गेल्याच्या दिवशी ती मला चालू करायची, गाव बघायची आणि काही न करता बंद करायची.

इकडे गिल्बर्टला नाव मिळाले होते. जुन्या खेळांतले लोचे शोधून नोंदवणाऱ्या जगभरच्या लोकांचा एक ग्रुप होता. त्यात त्याच्या एकतीस लोच्यांची वाहवा झाली. मग एका बुधवारी ग्रुपवर बातमी आली: या खेळाला दोनशे पंचावन्नपेक्षा जास्त तास मोजताच येत नाहीत. त्यापुढे गेले की मोजणी शून्यावर येते आणि त्याच क्षणी खेळ जपून ठेवला, तर बनवणाऱ्यांनी लपवून ठेवलेली एक खोली उघडते. हे कोणी करून दाखवले नव्हते. दुसऱ्या देशातल्या एकाने आपला गेम चालू ठेवून दिला होता, येत्या सोमवारी त्याचे तास पुरे होणार होते.

गिल्बर्टलाही तसे करता आले असते. आपला दुसरा गेम अकरा दिवस चालू ठेवायचा, बस. पण मग तो दुसरा ठरला असता. आणि मम्मीच्या खेळाचे दोनशे बावन्न तास झाल्याचे जुलियाने त्याला कधीतरी सांगितले होते.

त्याने जुलियाला फोन केला. नऊ महिन्यांनी.

"रविवारी ये ना जेवायला. आणि ऐक, मम्मीचा गेम घेऊन ये. जरा बसू एकत्र. खूप दिवस झाले."

रविवारी जुलिया पहाटे उठली. मम्मीसारखे फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळले आणि डबा भरला. बसमध्ये मी तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये होतो. घोडबंदर रोडला गाड्या तुंबल्या होत्या. ती सारखी पर्स उघडून मला बघत होती आणि स्वतःशीच हसत होती.

जेवणे झाली. गिल्बर्टने माझ्यात नवे सेल घातले, पडद्यावर नेम धरून मोबाइल एका दांडीला लावला.

"हे कशाला?" जुलियाने विचारले.

"आठवण राहील."

ती खेळू लागली. तो शेजारी बसला आणि किती वर्षांनी इतके गोड बोलला! विहिरीजवळचा पहिला लोचा आठवतो का, म्हणाला. अंगठ्याचा फोड आठवतो का, म्हणाला. "तुझ्यासारखा अंगठा कोणाचाच नाही गं." जुलियाचे डोळे भरले. ती कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. एक तास. दोन तास. मध्ये ट्रिशा चहा घेऊन आली आणि नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सांगितलंस का तिला?"

"नंतर," गिल्बर्ट म्हणाला.

ट्रिशा एक क्षण थांबली. मग रिकामी बशी उचलून आत गेली.

मला बंद पडता आले असते तर मी पडलो असतो, मित्रांनो. पण सेल कोरे होते आणि वस्तूला मालकाचा हात झटकता येत नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी गिल्बर्ट एकदम पुढे सरकला. "आता गेम सेव्ह कर. मी म्हणेन तेव्हा. थांब... थांब... आता!"

जुलियाचा अंगठा चारशे वेळा शिकलेला होता. तो चुकला नाही.

पडदा थरथरला. गाव वितळले. एक काळी खोली आली, तिच्यात न वापरलेली चित्रे, अर्धवट काढलेला एक राक्षस, काही अक्षरे. गिल्बर्ट टाळ्या वाजवत उभा राहिला. "झालं! आपण पहिले! जगात पहिले!"

जुलियाही हसली. दादाला इतके खूश तिने फार वर्षांत पाहिले नव्हते. तिने मला बंद करून पुन्हा चालू केले. पहिला कप्पा होता. दुसरा होता. तिसऱ्यावर लिहिले होते: रिकामा.

तिने पुन्हा बंद केले. पुन्हा चालू केले. पुन्हा.

"दादा, मम्मीचं गाव कुठे गेलं?"

"अगं, तो कप्पा गेला. तसं होतं त्यात."

"तुला माहीत होतं?"

"शंभर टक्के नाही ना. थांब जरा, व्हिडिओ चढवतोय."

टेबलावर लोच्यांची वही उघडी होती. त्या दिवसाचे पान त्याने सकाळीच लिहून ठेवले होते. जुलिया उठली आणि तिने वाचले. 'कप्पा तीन पुसला जाईल. परत येणार नाही. नक्कल काढली तर ग्रुपवाले कॅसेटशी छेडछाड केली म्हणतील, म्हणून काढायची नाही. जुलियाला आधी सांगायचं नाही, नाहीतर ती देणार नाही.'

तिने वही त्याच्यापुढे सरकवली. मग जुलिया म्हणाली, "नाव तरी तिचं लिही. फिलोमिना. तास तिचे होते."

"तिने काय केलं गं? कोंबड्यांना दाणेच टाकले ना?" गिल्बर्ट मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "आणि गेम आहे तो, जुली. मम्मी नव्हती त्यात."

जुलियाने डब्यात उरलेले फुगे तसेच ठेवले. पर्स उचलली. ट्रिशाने मला तिच्यापुढे धरले. "हा तरी ने."

जुलियाने माझ्याकडे पाहिले. तिच्याच अंगठ्याचा घाम अजून माझ्या बटणावर होता. "नको," ती म्हणाली. "मीच दाबलं." आणि ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरू लागली. बावीस मजले.

व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला. गिल्बर्टला शाबासकी मिळाली. एकाने खाली प्रश्न विचारला होता: इतके तास त्या पहिल्याच गावात कोणी घालवले? गिल्बर्टने माझ्यासमोर बसून उत्तर लिहिले, 'मीच. वर्षानुवर्षं, थोडे थोडे.'

तो बत्तिसावा लोचा. शोधणारा, गिल्बर्ट.

आता मी त्याच्या कपाटातल्या खणात, जुन्या चार्जरच्या गुंत्यात आहे. जुलिया पुन्हा त्या घरी आली नाही. गिल्बर्टने एकदा फोन केला होता, तिने उचलला नाही. "किती मनाला लावून घेते," तो ट्रिशाला म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, सेल गळण्याआधी काढा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. कोणाची वस्तू हातात घेतलीत तर आधी विचारा, हिच्यात तुमचे काही ठेवलेले आहे का? आणि त्यांचे उत्तर पूर्ण होईपर्यंत बटणावरचे बोट उचलून धरा.