गोळी झेललेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी बाभळीची काठी आहे, आणि पैज लावते, पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. मी लढाईत गोळी झेलली आहे! मुठीखालचं हे भोक बघा. शत्रूची गोळी इथून आरपार गेली आणि आमच्या आबांच्या, म्हणजे हंबीररावांच्या, उजव्या हातात घुसली. म्हणून त्यांची बोटं वाकडी. कराडकडच्या आमच्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल.

गावात घरटी एक माणूस फौजेत. गोळी खाऊन आलेल्याला पारावर पहिली जागा मिळते. सांधे सुजले म्हणून परत धाडलेल्याला कोण विचारतो? दर दसऱ्याला मला तेल लागायचं, हळदकुंकू व्हायचं. मी तोऱ्यात होते.

यंदा मात्र मला कोपऱ्यात टेकून राहवेना. आबांची नात अंकिता रोज सकाळी हात चोळत उठते. तासभर तिची बोटं मिटत नाहीत. परवा तिच्या हातून चहाचा कप निसटला, तेव्हा आबांनी मला असं आपटलं की माझ्या बुडाची पितळी टोपी उडाली. अशीच बोटं मी त्यांच्या आईची, मनुबाईंची, पाहिली होती. घरात म्हणायचे, "जात्यानं झालं."

शेवटी सांगलीच्या दवाखान्यात गेलो. आबा सारखे मला फरशीवर टकटक करत होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला संधिवात?"

"न्हाई," आबा म्हणाले. "आमचं रगात पैलवानाचं. मला गोळी लागलीया."

"नीट आठवा, आबा. घरात असला म्हणजे हिला होतोच असं नाही, पण शक्यता वाढते. आणि लवकर ओळखून औषध सुरू केलं, तर बोटं वाकण्यापासून वाचवता येतात."

टकटक वाढली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या हातातून सुटावंसं वाटलं.

अंकितानं मला टेबलाला टेकवलं आणि आबांचे दोन्ही हात ओढून टेबलावर ठेवले. शेजारी आपले सुजलेले हात मांडले.

"आबा, गोळी उजव्या हाताला लागली ना? मग डावा कसा वाकला?"

"त्याच गोळीनं," आबा म्हणाले. "येताना उजवा, जाताना डावा."

"आणि काठीचं भोक?"

"गोळीचंच!"

"आवं आबा, किती खोटं बोलता! म्हसवडच्या जत्रंत घेतलेली काठी लढाईत कशी जाईल? त्या भोकात भुंगा शिरताना मी बघितलाय!"

मी घसरून खाली पडले. आबांनी मला उचललं नाही. ते अंकिताच्या बोटांकडे बघत राहिले.

"लिवा, बाई," ते म्हणाले. "फौजेनं सांधं बघूनच घरी धाडलं मला. आन् आईचं बी लिवा."