तिसऱ्या डोंगराचं नाव

माझी सासू तोरिबिया कोकाची पानं चघळण्याआधी फुंकायची तेव्हा तीन डोंगरांची नावं घ्यायची. पहिलं आउसांगातेचं, कारण त्याचा बर्फ आमच्या चिल्कापाता गावातल्या प्रत्येक दारातून दिसतो. दुसरं गावामागच्या वाकड्या कड्याचं, कारण आमचं पाणी तिथून येतं. तिसरं नाव ती इतकं हळू घ्यायची, की लग्न होऊन आले त्या वर्षी मला वाटायचं, हिला खोकल्याची उबळ येते.

मग एकदा बटाटे काढायच्या दिवसांत मी तिच्या शेजारीच बसले होते. ऊन चढलं, कुदळी आडव्या झाल्या आणि ज्याच्या त्याच्या कमरेच्या पानांच्या पिशव्या सुटल्या. सासूनं तीन अखंड पानं निवडली, पंख्यासारखी धरली, ओठांजवळ नेली. आउसांगाते. वाकडा कडा. आणि मग, अगदी श्वासातच, "किल्यावारा".

ती पानं तिनं माझ्यापुढे केली. मी दोन्ही हातांनी घेतली आणि लगेच विचारलं, "आई, किल्यावारा कुठे आला?"

"पान गालात ठेव. बडबड केलीस तर कडू होईल."

पान कडू झालं नाही, पण माझ्या डोक्यात ते नाव शिरलं ते शिरलंच. रात्री नवऱ्याला, मेलितोनला, विचारलं. त्यानं पाठ फिरवली.

"आईचं काहीतरी असेल. तुला नसत्या चौकशा फार. आधी माहीत असतं तर तुमच्या घरी मागणीची पानं घेऊन आलोच नसतो."

"आला होतास कुठे? तू दाराबाहेर लपला होतास. पानं तर तुझ्या काकानं पुढे केली. माझ्या बापानं ती घेतली तेव्हा बाहेरून 'हुश्श' ऐकू आलं आम्हाला."

यावर तो झोपल्याचं सोंग घेऊन पडला.

मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. ज्यांना वाऱ्याच्या दिशेवरून गारा ओळखता येतात, त्या माणसांना हा डोंगर ठाऊक नव्हता. एकजण म्हणाला, चंद्रावर असेल. दुसऱ्यानं मान हलवून सांगितलं, की माणूस जिथे जन्मतो तिथल्या डोंगराचं नाव त्याच्या तोंडातून जात नाही, तेव्हा तुझ्या सासूलाच विचार. पण सासू तर इथलीच, असं मी धरून चालले होते!

पुढे थंडीत आम्ही दोघी गोठवलेले बटाटे पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढत होतो. पाय बधिर झाले होते. मी काही विचारलं नव्हतं. तीच बोलायला लागली.

"मला नाही गं माहीत कुठे आहे ते."

मी तुडवायची थांबले.

"थांबू नकोस. पाय गारठतील. लहान होते मी, पुढचे दात पडले होते. त्या साली हिमानं सगळं पीक जाळलं. आमच्याकडे लामांच्या पाठीवर माल लादून एक तांडा यायचा. तांड्याचा माणूस चांगला होता, त्याला मूल नव्हतं. आईनं माझा हात त्याच्या हातात दिला. तो मला इथे घेऊन आला. ज्याला मी बाबा म्हणायचे, तोच तो."

"आणि नाव?"

"आई म्हणाली, किल्यावारा हे नाव तोंडात ठेव, पान असो नसो. बाकी सगळं विसरले. घर विसरले, तिचा चेहरा विसरले."

"बाबांना का नाही विचारलंत?"

"आधी भीती वाटायची, विचारलं तर परत पाठवतील म्हणून. मोठी झाल्यावर भीती वाटायला लागली, विचारलं तरी पाठवणार नाहीत म्हणून. मग ते गेलेच."

एवढं बोलून ती पुन्हा तुडवायला लागली, जरा जोरातच.

त्या दिवसापासून मी एक उद्योग सुरू केला. गावात कुणी परका आला, लोकर घेणारा असो, मेंढ्या हरवलेला असो की वाट चुकलेला असो, मी त्याला अंगणात बसवायची आणि पानं पुढे करायची. माणूस पान घेतो तेव्हा फुंकतो, आणि फुंकताना आपल्या डोंगराचं नाव घेतो. मी फक्त कान द्यायची. अशी कितीतरी डोंगरांची नावं मला कळली. एका लोकरवाल्यानं तर स्वतःच्या बायकोचंच नाव घेतलं. मेलितोन करवादायला लागला.

"पानं खालच्या गरम खोऱ्यातून येतात, आपल्या परसात उगवत नाहीत! आणि लोक काय म्हणतात माहितीये? तुझी अग्रिपिना येईल त्याला बसवते म्हणे."

"तू पण बस. तुला पण देते."

पावसाळा सरला आणि सिरिलो नावाचा कुंभार आला. लामांच्या पाठीवर गवतात बांधलेली मडकी. आमच्या बाजूला तो पहिल्यांदाच येत होता. मडकी द्यायची आणि त्यांत मावेल तेवढं धान्य घ्यायचं, असा त्याचा व्यवहार. एक मडकं हातात घेतलं, पण ठोकून बघायच्या आधी मी त्याला पानं दिली. त्यानं टोपी काढली, निवांतपणे तीन पानं निवडली, फुंकली.

"किल्यावारा," तो म्हणाला. अगदी मोठ्यानं, जसं कुणी शेजाऱ्याला हाक मारावी.

माझ्या हातातलं मडकं पडलं आणि फुटलं.

"ताई, हे तुम्हाला घ्यावं लागेल बरं का!"

"घेते! पाच घेते! किल्यावारा कुणाचा?"

"आमचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"किती लांब?"

त्यानं हिशेब केला. एक तोबरा गालात रसाळ असतो तोवर जेवढं चालून होतं, तेवढी एक वाट, असं आम्ही मोजतो. त्याची बोटं संपली, तरी तोबरे संपेनात. "त्यापेक्षा ट्रकनं जा," तो म्हणाला.

सासू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा हसेल. ती आत गेली आणि चुलीपुढे बसली.

"मला नाही जायचं."

"अहो आई, एवढी वर्षं..."

"एकदा दिली त्यांनी मला. आता मी जाईन, दारात बसेन, पानं पुढे करीन. आणि त्यांनी हात पुढे केलाच नाही तर? मग हे नाव मी कुठल्या तोंडानं घ्यायचं?"

पुढे केलेली पानं न घेणं म्हणजे माणसालाच नाकारणं, ते मलाही ठाऊक होतं. मेलितोन, जो एरवी कशातच पडत नाही, तो उंबऱ्यावरून म्हणाला, "नाही घेतली तर परत आण. आपण खाऊ."

सासू चुलीपुढून उठली. मग घोंगडीवर पानं पसरून निवडायला बसली. फाटकं पान बाजूला, डाग पडलेलं बाजूला, वाळून मुडपलेलं बाजूला. मूठभर उरली, ती तिनं नव्या विणलेल्या पिशवीत घातली.

ट्रकच्या हौद्यात मेंढ्यांबरोबर बसून आम्ही दोघी निघालो. उतरलो तिथून सिरिलोनं सांगितलेली वाट धरली. सासू मान वर करून आकाशाच्या कडेला शोधत होती. तिच्या मनातला किल्यावारा आउसांगातेहून उंच असावा. वाटेत एका मुलीला विचारलं, तर तिनं समोर बोट दाखवलं. एक बोडकी टेकडी. तिच्यावर मेंढ्या चरत होत्या आणि माथ्यावर कुणीतरी घोंगडी वाळत घातली होती.

"हा?" सासू म्हणाली. "ह्याला मी इतकी वर्षं फुंकतेय?"

आणि ती इतकी हसली, की तिला दगडावर बसावं लागलं.

टेकडीखालच्या पहिल्याच घराबाहेर आम्ही टेकलो. कुत्रं भुंकलं. एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची म्हातारी बाहेर आली. तिचं नाव बासिलिया, हे मागाहून कळलं. सासूनं नुसती पिशवी पुढे धरली.

बासिलियानं आमच्या टोप्यांकडे बघितलं, त्या तिकडच्या नव्हत्या. मग हात पुसले, दोन्ही हातांच्या ओंजळीत पानं घेतली, तीन निवडली आणि फुंकली. "किल्यावारा." मग थोडं वळून, दुसऱ्या दिशेला, "आउसांगाते."

मी न राहवून विचारलं, "आजी, आउसांगाते का? इथून तर तो दिसतही नाही."

"आई घ्यायची. हिमाच्या साली माझी धाकटी तिकडच्या तांड्यात दिली होती. त्या डोंगराला सांगायची, पोरीकडे बघ. आई गेली, पण माझ्या तोंडाला ते राहिलं." तिनं पान गालात सरकवलं. "तुम्ही कुठल्या बायांनो?"

मीच सांगितलं, आउसांगातेखालच्या, आणि ही त्या तांड्यात दिलेली पोर. दोघींनी एकमेकींचे हात धरले नाहीत, गळ्यात पडल्या नाहीत. बासिलियानं फक्त सासूच्या टोपीखाली हात घालून डाव्या कानामागे चाचपलं. तिथे भाजल्याची जुनी खूण होती. मला इतक्या वर्षांत ती कधी दिसली नव्हती.

"चुलीत पडली होतीस," ती म्हणाली. "माझ्याच हातून."

मग बटाटे उकडले गेले, शेजारीपाजारी जमले, आईबापांची नावं सांगून झाली. सासूनं ती दोनदोनदा म्हणून घेतली. पानं फिरली. पानाबरोबर चावायची राखेची वडी बासिलियानं आपल्या हातची दिली. सासूनं कोपरा चावला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"ही काय राख म्हणायची? चूल चाटल्यासारखी लागते!"

"आईची रीत आहे ती!"

"मग आईला येत नव्हती. आमच्याकडे किन्वाच्या काड्या जाळतात, गोडूस लागते."

"आली मोठी गोडूसवाली! जीभ परक्यांची झाली तुझी!"

ट्रकची वेळ झाली तरी हे चालूच होतं. मी हाक मारली, तर सासू उठली नाही. "तू हो पुढे. मेलितोनला सांग, हिला राख करायला शिकवते आणि येते."

ती आली ते पेरणीच्या तोंडावर, आणि बासिलियाला बरोबर घेऊन. बासिलिया आमच्याकडे आठवडाभर राहिली. रोज सकाळी अंगणात येऊन ती आउसांगातेकडे बघायची आणि कुरकुर करायची, की एवढा उंच डोंगर कशाला हवा, बघून मान दुखते.