पाळणा ताहेरभाईकडं हाय

खोटं मी शाळेपासून बोलतो, पण गेल्या साली बोललो तेवढं मन लावून कधी बोललो न्हाई.

माझी थोरली बहीण सरजाबाई औशाची. तिच्या सुनेला, वर्षाराणीला, सातव्याच महिन्यात पोरगं झालं, सव्वा किलोचं. लातूरला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथं रक्तात जंतू शिरले आन् हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. एक दिवस कमी चालणार नाही."

पंधरा दिवसांत ताप गेला. पोरगं चमच्यानं दूध प्यायलं. झालं, आक्कानं बारसं ठरवलं.

"गुरुवारी सही करून पोराला घरी आणायचं."

"आक्का, ताप गेला तरी जंतू झडपेला चिकटून असतेत. औषध मधीच सोडलं तर पोरगं हाताला लागायचं न्हाई."

"तू कवा डॉक्टर झालास, अमृत्या? टेम्पो हाण गप. माळ्यावरला पाळणा काढ आन् पुसून आण."

आक्काच्या सासूचा शिसवी पाळणा तो. त्या घरातलं एकबी पोर दुसऱ्या पाळण्यात घातलेलं न्हाई. मला तिथंच वाट दिसली. पाळणा टेम्पोत टाकला आन् लातुरात माझा दोस्त ताहेरभाई सुतार, त्याच्या दुकानात गोणपाटाखाली दडवला.

"आक्का, कडी तुटली. ताहेरभाई बसवतोय."

गुरुवार गेला. पुढच्या आठवड्यात फळीला वाळवी निघाली. मग ताहेरभाई मेव्हण्याच्या लग्नाला हिमायतनगरला गेला. तवा तो माझ्या शेजारीच चहा पीत होता.

"सुतार हाय का पुढारी?" आक्का फोनवर कडाडली.

ताहेरभाई हळूच म्हणला, "मामू, अब क्या टूट्या बोलूं?"

हसायचो आम्ही. पण पोराच्या हाताची शीर सापडंना तवा पायाला सुई लावायचे. ते बघितलं की मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचो आन् नवीन खोटं जुळवायचो.

बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मशीनवर बघितलं. झडप साफ. पोराला सुट्टी. मी पाळणा चकचकीत करून औशाला नेला.

आक्कानं कडीकडं बघितलंबी न्हाई. "तुटलीच नव्हती. ताहेरच्या बायकोनं, बेगमबीनं, पयल्याच आठवड्यात सांगितलं मला."

"मग गप का बसलीस?"

"दुसऱ्या दिशी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईनं मशीनवर ती झडप दाखवली. एवढीशी, आन् तिच्यावर दाण्याएवढी गाठ. तवाच ठरवलं, सहा आठवडे पोराला हलवायचं न्हाई. पण आवतण गावभर गेलं होतं ना. मी कशी माघार घेऊ? म्हणलं, अमृत्यानं पाळणा मोडला. फोनवर कडाडले ते शेजारणी ऐकत होत्या म्हणून."

"पण मी कुठं मोडला?"

"आता गावाला कोण समजावतंय?"

बारशाला आत्यानं पोराच्या कानात नाव सांगितलं, सत्यम. मी दोरी धरायला हात पुढं केला, तर चार बायांनी मला मागं ओढलं. "मामा, तुम्ही लांबच थांबा. मोडाल परत."